सिंहगड उतरताना सायकलचा मागचा डिस्क ब्रेक किंचाळतो, चाकही हलतं
काल घाट उतरताना मागचा ब्रेक जाम किंचाळत होता, पकडही कमी, आणि चाक आडवं हलवलं की कटकट वाजतं. रोटर (ब्रेकची चकती) बदलू का?

– लगेच रोटर नको रे. आधी हब (चाकाचा मधला भाग) बघ, बहुतेक त्यातले कोन (बेअरिंग दाबून धरणारे नट) सैल झालेत, हब हलला की रोटर पॅडला (चकती दाबणाऱ्या गुटक्यांना) घासणारच. कोन पान्याने प्ले (चाकाचं हलणं) काढ, पण ॲक्सल (हबमधला दांडा) जड फिरेल इतकं आवळू नकोस.

– चेनला स्प्रे मारलास का? तो रोटरवर उडतो, माझे पॅड असेच गेले. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, पॅड तेल प्यायले असतील तर सरळ नवे टाक. शिमानो कंपनीचा रोटर झिजून १.५ मिमी जाडीला आला तरच बदल.

– हो, परवाच स्प्रे मारलेला! कोनही सैलच निघाले. पॅड आणतो.

– नवे पॅड टाकलेस की आधी सपाट रस्त्यावर वीसेक वेळा जोरात ब्रेक दाब, चाक लॉक न करता. मगच घाट.