वायरलेसने टोन जातो म्हणणाऱ्यांनो, आधी वायर मोजा

तापीकाठ:
काल एका भावाने पोस्ट टाकली, “वायरलेस लावलं की गिटारचा टोन मेला. आपल्याकडच्या लग्नाच्या स्टेजला सहा मीटरची वायरच बरी.” खाली सगळ्यांनी हो ला हो मिळवलं. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

साध्या गिटार केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता; ती वाढली की वरचा धारदार आवाज कमी होतो) मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड असतो. ६ मीटरला ६०० झाले. सिंगल कॉइल पिकअपचा (तारांची थरथर पकडणारी चुंबकाची कॉइल) इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा विरोध) २.५ हेन्रीच्या आसपास धरा, आणि गिटारच्या आतले म्हणून आणखी दीडशे पिकोफॅरड. कॉइल आणि कपॅसिटन्स मिळून एका ठिकाणी आवाज सगळ्यात जास्त उचलतात; तो रेझोनन्सचा उंचवटा येतो ३.७ किलोहर्ट्झला. आयुष्यभर ऐकलेला टोन तो हाच. वायरच्या जागी वायरलेसचा ट्रान्समीटर (जॅकमध्ये बसणारा डोंगल, तो आवाज अँपकडच्या रिसीव्हरला पाठवतो) खोचला की ते ६०० गेले आणि उंचवटा सरकला ७-८ किलोहर्ट्झवर. १२ इंची गिटार स्पीकर ५ च्या पुढे झपाट्याने उतरतो, त्यामुळे अँपवर आवाज पातळ लागतो. प्रोसेसरमधून कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या आवाजाची नक्कल) न लावता थेट मिक्सरला गेलात, तर तोच उंचवटा स्टेजच्या स्पीकरमधल्या हॉर्नमधून कानात टोचतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

उपाय दहा रुपयांच्या आत. दुकानात जाऊन ४७० पिकोफॅरडचा डिस्क सिरॅमिक कंडेन्सर मागा, अंगावर ४७१ छापलेला असतो. गिटारच्या जॅकवर गरम टोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये सोल्डर मारा. उंचवटा ४ किलोहर्ट्झला परत येतो. सोल्डरिंग नको असेल तर केबल टोन सिम्युलेशन (वायरच्या टोनची नक्कल) असलेला सेट घ्या. बॉस डब्ल्यूएल-२० मध्ये ते आहे, डब्ल्यूएल-२०एल मध्ये नाही, कारण एल हा अॅक्टिव्ह पिकअप (बॅटरीवर चालणारे) आणि अकूस्टिकसाठी आहे. पुष्कळ जण एल उचलतात आणि मग वायरलेसला शिव्या घालतात.

घेताना तीन गोष्टी बघा. इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला सेटचा विरोध) १ मेगाओहम हवा. सेट डिजिटल हवा, कारण जुन्या अॅनालॉग सेटमधला कम्पँडर (आवाज दाबून पाठवणारं आणि पुन्हा फुलवणारं सर्किट) सूर विझताना मागची खरखर वर-खाली करतो. आणि लेव्हल: तीच कॉर्ड आधी वायरने, मग वायरलेसने वाजवा आणि मिक्सरचा मीटर बघा. वायरलेस २-३ डेसिबल कमी असेल तर ओव्हरड्राइव्ह (अँपचा फाटका आवाज) लगेच कमी होतो आणि लोक म्हणतात टोन गेला.

सातपुडा_स्ट्रॅट:
गणित बरोबर आहे भो, पण गणित हॉलमध्ये बसून केलंय. सारंगखेड्याच्या यात्रेत नाहीतर मे महिन्यात एखाद्या गावच्या हळदीला २.४ गिगाहर्ट्झवर सेट लावून दाखवा. दुपारी रिकाम्या मंडपात साउंडचेक झकास होतो. रात्री पाचशे माणसं येतात, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, निम्म्यांचा हॉटस्पॉट चालू. वर डिजिटल मिक्सरचा राउटर २.४ वर आणि लाइटवाल्याचं वायरलेस डीएमएक्स (लाइट चालवायचा सिग्नल) तेही २.४ वरच. सोलोच्या मधोमध अर्धा सेकंद आवाज गायब. टोनचं काय घेऊन बसलात, आवाजच नाही!

आणि फझवाल्यांना कोण सांगणार? फझ फेस हा आवाज मुद्दाम फाडणारा, थेट पिकअपच्या कॉइलवर चालणारा पेडल. मध्ये रिसीव्हरचं लो इम्पीडन्स आउटपुट आलं की तो किंचाळतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करायची सोय संपते. तुमचा ४७१ तिथे काय करणार?

खानदेशी_सोल्डर:
मला एक सांगा, कंडेन्सर गिटार उघडून कशाला लावायचा? रिसीव्हरमधून पेडलला जाणाऱ्या पॅच केबलच्या प्लगमध्ये लावला तर काम होईल की. महागडी गिटार कोण उघडेल?

तापीकाठ:
होणार नाही. रिसीव्हरचं आउटपुट लो इम्पीडन्स असतं. १ किलोओहम धरा, त्यावर ४७० पिकोफॅरडची कट-ऑफ (जिथून पुढे आवाज कापला जातो) ३०० किलोहर्ट्झच्या वर जाते. माणसाचा कान २० ला थांबतो. कंडेन्सर थेट पिकअपच्या कॉइलवर बसला पाहिजे, म्हणून तो ट्रान्समीटरच्या आधीच हवा. गिटार उघडायची नसेल तर वीतभर वायरचं आखूड एक्स्टेन्शन करा आणि त्याच्या प्लगमध्ये बसवा. शिवाय स्ट्रॅट गिटारच्या खोलगट जॅकमध्ये डोंगल थेट खोचला की त्याच्या वजनाने नट ढिला पडतो आणि खरखर सुरू होते. एक्स्टेन्शनने तेही टळतं.

दुसरं, गिटारमध्ये ट्रेबल ब्लीड (व्हॉल्यूम कमी केला तरी वरचा आवाज टिकवणारी जोडणी) असेल आणि कंडेन्सर न लावता वायरलेस वापरत असाल तर ते काढा. वायरही नाही, कंडेन्सरही नाही म्हटल्यावर व्हॉल्यूम कमी केल्याने ट्रेबल फारसा पडत नाही, उलट ब्लीडमुळे आवाज पत्र्यासारखा होतो.

फझचं मान्य. रिसीव्हर आणि फझच्या मध्ये ५० किलोओहमचं पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) सिरीजमध्ये टाकून कानाने जुळवलं तर बरंच सुधारतं, पण कॉइलची बरोबरी होत नाही. मात्र हळदीच्या स्टेजवर फझ फेस किती जण लावतात, हेही प्रामाणिकपणे सांगा.

मंडप_जनरेटर:
तुम्ही सगळे टोन-टोन करताय. वायरलेसचा खरा फायदा तर कोणी बोललंच नाही. गायक गिटार गळ्यात घालून माइकला ओठ लावतो आणि झटका बसतो. तारा अँपच्या चॅसिसला जोडलेल्या, माइकची जाळी मिक्सरच्या चॅसिसला, आणि दोघांची लाइट वेगवेगळ्या ठिकाणाहून. वायरलेसने तो रस्ताच तुटतो. जीव वाचतो, टोन नंतर.

सातपुडा_स्ट्रॅट:
हे फार धोक्याचं बोलताय दादा. गिटारवाला वाचला, मग कीबोर्डवाल्याचं काय? बँजोवाल्याचं काय? त्यांच्या वायरी तशाच आहेत. झटका अर्थिंगने थांबवायचा असतो. आपल्याकडे हम् (स्पीकरमधली घूं घूं) येतोय म्हणून तीन पिनी प्लगची अर्थची पिन पक्कडने मोडून टाकतात, हे जोवर बंद होत नाही तोवर वायरलेसचं कौतुक ऐकवू नका! हम् तोडायचा तर डीआय बॉक्सचं (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) ग्राउंड लिफ्ट दाबा. ते ऑडिओच्या शिल्डवर चालतं. मेन्सच्या अर्थला हात लावायचा नाही, कधीच नाही.

मंडप_जनरेटर:
पिन मोडतात तिथे आरसीसीबी (करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच) लावा, ३० मिलिअँपिअरचा. विषय संपला.

तापीकाठ:
संपला नाही. बऱ्याच भाड्याच्या जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला बांधलेलाच नसतो. फ्लोटिंग जनरेटरवर पहिल्या बिघाडाला करंटला परतीचा रस्ता मिळत नाही, मग आरसीसीबी पडणार कसा? टेस्ट बटण दाबलं की तो पडतो, कारण बटणाचा रस्ता त्याच्या आतच असतो. तेवढं बघून लोक निर्धास्त होतात. हा खोटा धीर जीवघेणा आहे.

मंडप_जनरेटर:
म्हणजे आम्ही साउंडवाले लोकांना मारायला बसलोय का? एका रात्रीचं भाडं किती मिळतं आणि त्यात अर्थिंग ठोकायची?

सातपुडा_स्ट्रॅट:
हो, ठोकायचीच. आणि बॉन्डिंग (न्यूट्रल अर्थला बांधणं) इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं. उन्हाळ्यात आपली काळी माती पार भेगाळते, अर्थचा रेझिस्टन्स चढतो. दोनेक मीटरचा रॉड पूर्ण आत घाला, भोवती आळं करून मीठ आणि पाणी ओता, कार्यक्रमाआधी पुन्हा पाणी. स्टेजची सगळी लाइट एकाच डिस्ट्रिब्यूशन बोर्डवरून घ्या. मग मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. काटा शून्याजवळ हवा. चाळीस-पन्नास व्होल्ट दाखवला तर गिटार खाली ठेवा, मालक कितीही घाई करो. याला भाड्याचा हिशेब लावू नका.

मंडप_जनरेटर:
तारेला आणि जाळीला मीटर लावायचं पटलं. दोन मिनिटांचं काम आहे. बाकी आवाज चढवून बोलायची गरज नव्हती.

बेस_भुसावळ:
मूळ विषयावर या रे. ड्रॉपआउटचं (मधेच आवाज जाण्याचं) सातपुडा म्हणतो ते खरं, पण निम्म्या वेळा चूक रिसीव्हरच्या जागेची असते. पेडलबोर्डवर, पायाशी, एलईडी वॉलच्या लोखंडी सांगाड्यामागे ठेवतात. माणसाचं शरीर म्हणजे पाणी, आणि २.४ ला पाणी अडवतं. रिसीव्हर स्टेजच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर, समोरून दिसेल असा बांधा. मिक्सरचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर चॅनल ३६ ते ४८ मध्ये टाका आणि गिटारपासून तीन मीटर दूर ठेवा. ५.८ चा सेट घेतला तर मोबाइलची गर्दी कमी, पण तो शरीरामागे आणखी लवकर अडतो. पाठ फिरवून नाचणाऱ्यांनी २.४ च घ्यावा.

लेटन्सीची (आवाज उशिरा पोहोचण्याची) भीती घालणाऱ्यांसाठी: आवाज १ मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो. ६ मिलिसेकंदवाला सेट म्हणजे अँपपासून दोन मीटर लांब उभं राहणं. ब्लूटूथचं वेगळं, ते गिटारला चालतच नाही.

आणि आमच्या भुसावळच्या उन्हात ट्रान्समीटर गाडीच्या डॅशबोर्डवर सोडू नका. लिथियम बॅटरी फुगते.

सातपुडा_स्ट्रॅट:
बरं. टोनचं मान्य करतो, कंडेन्सरने तो परत येतो. पण अँपच्या मागे सहा मीटरची वायर गुंडाळून, टेप लावून तयार ठेवायचीच. आवाज गेला की तीन सेकंदांत खोचता आली पाहिजे. आणि वरातीच्या गाडीवर बसून वाजवणाऱ्याला वायरलेस कसाले लागस? अँप हाताच्या अंतरावर शे.

तापीकाठ:
वरातीचं शंभर टक्के बरोबर, तिथे वायरच. पण ज्याने कंडेन्सर बसवलाय त्याने ती सहा मीटरची वायर खोचली की ४७० अधिक ६०० होतात, आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. म्हणून कंडेन्सर एक्स्टेन्शनच्या प्लगमध्येच ठेवा, डोंगलबरोबर तोही निघून येतो.

खानदेशी_सोल्डर:
हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) पण ४७१च का?

तापीकाठ:
वायरची नक्कल हवी तर तोच. पण हंबकरचा इंडक्टन्स ४-५ हेन्री, ४७१ ने उंचवटा ३ किलोहर्ट्झला येतो. मिक्समध्ये दबतोय वाटलं तर ३३१ (३३० पिकोफॅरड) लावा, साडेतीनच्या जवळ जाईल. दोन्ही आणा, आधी क्रोकोडाइल क्लिपने लावून ऐका, मग सोल्डर मारा.