शेजारी बसून शिकलेलं (दोघं, एक कीबोर्ड) – तुमचे अनुभव लिहा

सांजवेळ: आज ऑफिसात नव्या पोरीला घेऊन कोडमधला एक बग (चूक) बघत होते. तारीख एक दिवस मागे दिसायची, पण फक्त रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या नोंदींची. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "मॅडम, साडेपाच... सर्व्हर यूटीसीवर आहे का?" (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.) एकदम २००७ आठवलं. माझे सिनियर कीबोर्डला हातच लावायचे नाहीत. "तू टाइप कर, मी बघतो." मी चुकले तरी गप्प. फक्त हातातला चहाचा कप टेबलावर ठेवायचे. कप टेकला की मी वरच्या चार ओळी परत वाचायचे. तुम्हाला कोणी असं शिकवलंय?

बाप्या_कोकणी: आमचा उलटा. "थांब, दे इकडे" करून कीबोर्ड ओढायचा. दहा मिनिटांत वीस विंडो. "कळलं ना?" मी: हो. व्हिममधून (कोड लिहायचा एडिटर) बाहेर कसं पडायचं तेवढं कळलं 😂

निशाचर: गिट रीसेट हार्ड (गिटमधला कोड जुन्या स्थितीला नेणारी कमांड). शुक्रवार. दोन दिवसांचं काम. पुढचं काय लिहू.

सांजवेळ: अगं मग??

निशाचर: सिनियर बाईंनी एकच विचारलं, कमिट (गिटमध्ये जतन) केलं होतंस ना? मग कुठे जात नाही. रिफ्लॉग (गिटमधल्या आधीच्या हालचालींची यादी दाखवणारी कमांड) मलाच टाइप करायला लावलं, हात थरथरत होते. यादीत माझा कमिट दिसला तेव्हा रडले चक्क. (कमिट नसतं केलं तर गेलंच होतं.)

जर्सीकर: इथे न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ, पुण्यात संध्याकाळचे सात. स्क्रीन शेअर करून शिकवतो. पोराच्या मागे कुकरच्या शिट्ट्या. तिसऱ्या शिट्टीला तो "एक मिनिट सर" म्हणून पळतो, परत येतो तेव्हा बग सापडलेला असतो. त्याला, मला नाही.

खडूस: दोघांनी मिळून कोड लिहिणं हे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांनी (सॉफ्टवेअर बनवायची एक पद्धत) नव्वदच्या दशकातच रुळवलं. टाइप करणारा ड्रायव्हर, शेजारी बसून बघणारा नॅव्हिगेटर. खुर्च्या अदलाबदल करायच्या असतात, हेच लोक विसरतात. सिनियर सतत नॅव्हिगेटर राहिला तर ती तोंडी परीक्षा होते. आणि आमचा मॅनेजर: "एका कामाला दोघं कशाला?" त्याला तीन आठवड्यांनी येणारे बग कोण दाखवणार.

बाप्या_कोकणी: खडूस +१. सांजवेळ, तो चहा हिंजवडीचा का? फेज १ च्या टपरीवरचा?

सांजवेळ: नाही रे, मशिनचा. पांचट. म्हणून तर कप हातातच राहायचा.

मृण्मयी_७: मी आयटीतली नाही, पण सासूबाईंनी पुरणपोळी अशीच शिकवली. लाटणं माझ्या हातात, त्या नुसत्या "कडेने, कडेने". पहिल्या सहा फाटल्या, त्यांनीच खाल्ल्या.

निशाचर: मृण्मयी, पुरण सैल झालं तर काय करता? माझं नेहमी होतं.

मृण्मयी_७: परत गॅसवर ठेवून आटव. मधोमध उलथनं उभं राहिलं पाहिजे.