‘माझे पात्र असेच वागले असते’ : अलाइनमेंटचा रकाना ठेवावा की काढावा?

माडीवरचा डीएम (दांडिया बाजार, वडोदरा)

दांडिया बाजारातील एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकेक पात्र होऊन फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळतो आणि गोष्ट चालवण्याचे, म्हणजे डीएमचे, काम माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी आमच्या पथकातील चोराने, साथीने ग्रासलेल्या एका गावासाठी पथकाने तीन बैठका खपून मिळवलेली औषधाची कुपी रात्रीतून उचलली आणि एका व्यापाऱ्याला विकून टाकली. कारण विचारले तेव्हा खेळाडूने कॅरेक्टर शीटवरील (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरील) अलाइनमेंटच्या, म्हणजे पात्राच्या नैतिक कलाच्या, रकान्यातील ‘केऑटिक न्यूट्रल’ (बेबंद, पण ना सुष्ट ना दुष्ट) या दोन शब्दांवर बोट ठेवले आणि ‘माझे पात्र असेच वागले असते’ एवढेच उत्तर दिले. (चोराच्या या वर्गाला मूळ खेळात ‘रोग’, म्हणजे बदमाश, म्हणतात. मराठीत तो शब्द लिहिताना मी नेहमी अडखळतो. परवा मात्र दोन्ही अर्थ एकदमच लागू पडले.)

माझे मत असे आहे की हा रकाना शीटवरून काढूनच टाकावा. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला निदान काम होते : पॅलाडिनला, म्हणजे धर्मनिष्ठ योद्ध्याला, समोरच्याचा दुष्टपणा मंत्राने ओळखता येई, आणि जाणूनबुजून दुष्कृत्य केल्यास त्याच्या शक्ती जात. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिन शपथेला बांधलेला आहे आणि कोणतीही अलाइनमेंट घेऊ शकतो. नियमांतील काम जवळजवळ संपल्यावर या रकान्याकडे सबब पुरवण्याचे काम तेवढे उरले आहे.

जुना फासा (रावपुरा)

रकाना खोडल्याने चोर सुधारणार नाही. तो दुसरी सबब शोधेल.

मुळात ही कल्पना स्वभाव सांगण्यासाठी आलीच नव्हती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 च्या खेळात लॉ (शिस्त), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदपणा) असे तीनच पर्याय होते, आणि त्यांतून कळे ते मुख्यतः एवढेच, की जगाच्या झगड्यात तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात. 1978 च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात सुष्ट-दुष्ट हा दुसरा अक्ष धरून नऊ घरे पक्की झाली, बाजूचा स्वभाव झाला आणि तिथून घोळ सुरू झाला. 1979 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात अलाइनमेंट बदलणाऱ्या पात्राची अनुभवाने मिळवलेली एक पातळी थेट कापली जाई. आपल्या चोराला तो नियम लावला असता, तर बोट ठेवण्यापूर्वी त्याने दोनदा विचार केला असता.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने केऑटिक न्यूट्रलचे वर्णन करताना वेड्यांचा उल्लेख केला होता आणि असे पात्र एका फाशावर सर्वस्व उधळील असेही सुचवले होते. म्हणजे या नावाची अपकीर्ती पुस्तकानेच करून ठेवली आहे. 2014 च्या वर्णनात लहर आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांपलीकडे काही नाही. सोबत्यांचा घात करावा असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. रकाना काढण्यापेक्षा ती ओळ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी.

शपथ मोडलेली पॅलाडिन (मांडवी)

दोघेही चोराविषयीच बोलत आहात. पॅलाडिनच्या शीटवरील ‘लॉफुल गुड’ (शिस्तीचा आणि सुष्ट) या दोन शब्दांनी किती जणांचा रविवार नासला आहे, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांनी खेळताना माझ्या त्या वेळच्या डीएमने माझ्या पॅलाडिनपुढे गॉब्लिनांची, म्हणजे खेळातील दुष्ट मानल्या जाणाऱ्या राक्षसी जीवांची, पोरे आणून उभी केली. मारावीत तर ते दुष्कृत्य, आणि सोडावीत तर पुढे ती ज्यांना मारतील त्यांचे रक्त माझ्या हातावर. मी सोडली, आणि माझ्या शक्ती गेल्या. त्यानंतर मी हट्टाला पेटून पुढचा महिनाभर इतर सर्वांच्या प्रत्येक लबाडीवर प्रवचन दिले, हेही कबूल करते; तेव्हा मी त्या टेबलावर चोरापेक्षा अधिक असह्य झाले असणार.

म्हणून प्रश्न रकान्याचा नसून निवाडा कोणी करायचा याचा आहे. वडोदऱ्यात राहणाऱ्याला यासाठी फार लांब जायला नको. 1874 च्या नोव्हेंबरात इथले रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, फेअर यांच्या सरबतात विष सापडले आणि संशय इथले महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. 1875 च्या चौकशी आयोगातील तिघा इंग्रज सदस्यांनी त्यांना दोषी मानले. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघा हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मते तीन-तीन अशी फुटली, तरी इंग्रज सरकारने मल्हाररावांना गादीवरून काढलेच, आणि त्यासाठी कारण गैरकारभाराचे दिले. आयोग नेमणारा आणि अखेरचा शब्द उच्चारणारा एकच असला की मतांची फाळणी केवळ शोभेपुरती राहते. पडद्याआड बसलेल्या डीएमला पातळी कापण्याचा अधिकार द्यावा असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

जुना फासा

दृष्टान्त आकर्षक आहे, परंतु लागू पडत नाही. मल्हाररावांना उठून दुसऱ्या टेबलावर जाता आले नसते, आपल्याला येते. गॉब्लिनांचा तो प्रसंग हा वाईट डीएमचा नमुना आहे, नियमाचा नव्हे.

तोच तो चोर

माझ्याविषयी इतके लिहिले गेले आहे, तर दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली अशी की माझ्या पात्रावर सावकाराचे कर्ज आहे, ते डीएमनेच पहिल्या बैठकीत मंजूर केले होते आणि पुढे कोणत्याही बैठकीत त्याची आठवण ठेवली नाही. दुसरी अशी की कुपी मी चोरून उचलली ती पात्रांपासून. खेळाडूंपासून मी काहीही लपवले नव्हते. फासा सर्वांसमोर टाकला, 20 पैकी 19 पडले, आणि माडीवर टाळ्या वाजल्या. हरकत आली ती पुढच्या तासाला गाव मेल्यावर. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या शीटवर कोणती अलाइनमेंट लिहिली आहे, हेही पाहावे.

माडीवरचा डीएम

टाळ्यांचे मान्य आहे. त्यातली एक माझीही होती. कर्जाचेही मान्य आहे, कारण त्या सावकाराला मी खरोखरच विसरलो होतो. तरीही दोन शब्दांवर बोट ठेवून चर्चा संपवणे मला पटत नाही. सावकाराचे नाव घेतले असते तर मला पुढची गोष्ट मिळाली असती; ‘केऑटिक न्यूट्रल’ म्हटल्याने फक्त गप्प बसावे लागले.

‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या 2023 मधील सुधारित पुस्तकांतून अलाइनमेंट पूर्णपणे काढली आहे आणि काय करावे, काय वर्ज्य मानावे अशा ठोस वाक्यांवर भर दिला आहे. आपणही पुढच्या रविवारी त्या रकान्याच्या जागी प्रत्येकाने दोन वाक्ये लिहावीत : माझे पात्र काय केल्यावाचून राहणार नाही, आणि काय केव्हाही करणार नाही.

शपथ मोडलेली पॅलाडिन

माझी अट एकच आहे : वाक्य मोडले की नाही हे डीएमने एकट्याने ठरवू नये, टेबलावरच्या पाचांनी ठरवावे. पाच असल्यामुळे तीन-तीन अशी फूट पडण्याची भीती नाही.

जुना फासा

चोर दुसऱ्या वाक्यात ‘चोरी कधीही सोडणार नाही’ असे लिहील आणि आपण पुन्हा याच माडीवर याच प्रश्नाशी येऊन बसू.

तोच तो चोर

मी आताच लिहून टाकले आहे : ‘माझे पात्र पथकाची वस्तू केव्हाही चोरणार नाही.’ फक्त ती कुपी पथकाची होती की गावाची, हे रविवारपूर्वी कोणीतरी ठरवावे.