‘टेनंट’ म्हणजे कूळ की भाडेकरू?

अर्धविराम: मामांच्या वाटपाच्या दाव्यातला जुना इंग्रजी निकाल मराठीत करून देतेय. मिळकती दोन, सोलापुरात पेठेतला वाडा आणि मोहोळकडची साडेचार एकर. इंग्रजीत दोन्हीकडं ‘टेनंट’च. मी सरसकट ‘भाडेकरू’ लिहिलं. मामांनी कागद परत पाठवला, "शेतात भाडेकरू नसतो, कूळ असतं." तेवढं बदललं, तर आई म्हणाली, "वाड्यातपण कुळंच होती की चार. भाडं मागायला मीच जायची." कुणाचं ऐकू?

तळटीप: मामांचं. शेतीला 1948 चा कुळकायदा, त्यात कूळ. घर-दुकानाला 1999 चा भाडे नियंत्रण कायदा, त्यात भाडेकरू. विषय संपला.

जुना चाळकरी: संपला कसा? शब्द कायद्याच्या आधीचा आहे. सावकाराचा कर्जदार तोही कूळच. माझे आजोबा वकिलाकडं कारकून होते, पक्षकार आला की आत वर्दी द्यायचे, "कूळ आलंय." आणि ‘बडं कूळ’ म्हणतो ते काय नांगर धरतं? ज्याच्याकडून पैसा यायचाय ते कूळ. आईंना वाड्यातून पैसाच यायचा.

फाळ: कन्नडात कुळ म्हणजे नांगराचा फाळ. आमच्या अक्कलकोटकडच्या घरात निम्मं बोलणं कन्नडच. फाळ चालवतो ते कूळ, इतकं सोपं आहे.

तळटीप: आवाज जुळला की व्युत्पत्ती होत नाही. संस्कृत ‘कुल’ समोर असताना फाळ कशाला?

काळी माती: मूळ राहू द्या, लिंगाचं बोला. भाडेकरू ‘येतो’, कूळ ‘येतं’. माणसाला माणूस न म्हणायची सोय.

जुना चाळकरी: मग गिऱ्हाईकही ‘येतं’च की. पैसे देणारं सगळं नपुंसक! 😄

माळरान: हसा. बार्शीकडं जमीनवाल्यांच्या घरात अजून ऐकू येतं, ‘आमची वीस एकर कुळात गेली’. ‘कूळ लागलं’ असंही म्हणतात, भूत लागावं तसं. त्यातलीच काही जमीन आमचा आजा कसत होता. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानं तो मालक ठरला, कुळकायद्याच्या कलम 32ग मध्ये किंमत निघाली, हप्ते फेडून 32म चं, म्हणजे खरेदीचं, सर्टिफिकेट घेतलं. आमच्या घरात ‘गेली’ कुणी म्हणत नाही. ‘नावावर झाली’ म्हणतात. जमीन तीच, गट तोच.

काळी माती: म्हणूनच आता जमीन ‘कुळाला’ कुणी देत नाही. बटईनं, अर्धेलीनं (पिकाच्या वाट्यावर), खंडानं (ठरलेल्या रकमेवर) देतात, तेही तोंडी, आणि सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीला कसणाऱ्याचं नाव लागत नाही ना ते बघतात. अर्धविरामताई, निकालातला माणूस बटईवाला असेल आणि तुम्ही ‘कूळ’ लिहिलंत, तर विरुद्ध बाजूच्या वकिलाला पेढे वाटायला लावाल.

तळटीप: बटई म्हटलं की कूळ होत नाही, हा गैरसमज. कलम 4 प्रमाणं दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ मानला जातो. मालकाच्या घरचा माणूस, मजुरीवरचा गडी आणि ताबेगहाणवाला (कर्जापोटी जमीन ताब्यात घेतलेला) तेवढे बाहेर.

शुद्धमती: ‘सर्टिफिकेट’, ‘मालक’, ‘ताबेगहाण’! शब्दचर्चेत तरी प्रमाणपत्र, स्वामी, भूधारक म्हणाल की नाही?

जुना चाळकरी: तलाठ्यापुढं जाऊन ‘भूस्वामित्वाचा अभिलेख द्या’ म्हणून बघा, सातबारा मिळाला तर मला कळवा. दावा, दस्त, फेरफार, कब्जा, वारस, हे काढून सोलापूरच्या कोर्टात बोलणार काय? बाकी आमच्या गिरणीच्या चाळीत कूळही नव्हतं, भाडेकरूही नव्हता. ‘बिऱ्हाड’ होतं. "वरच्या मजल्यावर किती बिऱ्हाडं?" एवढाच हिशोब.

फाळ: बिऱ्हाड! कन्नड ‘बिडार’. आता बोला.

शुद्धमती: सगळं कन्नडच का हो तुमचं?

फाळ: सोलापुरात राहून हे विचारालाव?

अर्धविराम: वाड्यात ‘भाडेकरू’, शेतात ‘कूळ’, एवढं मी ठेवलंय. आईला सांगितलेलं नाही. अडलंय एका वाक्याशी: ‘दोन्ही मिळकतींतल्या सर्व टेनंट्सना नोटीस द्यावी’. तिथं एकच शब्द आहे, मी दोन लिहिले तर अर्थ बदलतो का? तारीख सोमवारी आहे.

माळरान: मामा कुठल्या बाजूचे आहेत त्यावर आहे ते.

फाळ: बिडार म्हणजे मुक्काम, तळ. तेलुगूत काय म्हणतात ते शेजारच्या पद्मशाली काकांना विचारून रात्री टाकतो.