ध्रुवीय रात्रीतले आयन

ध्रुवावर महिनोन्‌महिने ऊन नसतं, मग तिथलं आयनांबर (हवेतले अणू-रेणू उन्हामुळे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बनतात तो उंचावरचा थर) टिकतं कसं, हा प्रश्न अगदी रास्त आहे. ध्रुवीय प्रकाश पाडणारे इलेक्ट्रॉन हवेचं आयनीभवन करतात हे उत्तर खरं, पण अर्धंच.

उरलेलं उत्तर उपग्रहांच्या नोंदींत दिसतं. युरोपचे तीन स्वार्म उपग्रह २०१३ साली सुटले. त्यांच्यावरचे लँगम्युर प्रोब (विद्युतभारित कण मोजणारे संवेदक) सेकंदाला दोनदा इलेक्ट्रॉनांची घनता मोजतात, म्हणजे साधारण दर चार किलोमीटरला एक आकडा. ध्रुवावरून जाताना हा आकडा अचानक दुप्पट होतो आणि काहीशे किलोमीटरनंतर तसाच धाडकन खाली येतो. इलेक्ट्रॉन आणि आयनांचे हे दाट ढग उन्हाच्या बाजूला तयार झालेले असतात. सौरवाऱ्यामुळे, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे, निर्माण झालेलं विद्युतक्षेत्र त्यांना ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला ओढत नेतं. तीनशे किलोमीटरवर हवा इतकी विरळ, की ऑक्सिजनचे आयन विझायला, म्हणजे पुन्हा भाररहित व्हायला, तासन्‌तास लागतात; म्हणून ढग वाटेत टिकतात. ढगांच्या कडांशी जीपीएसचे सिग्नल थरथरतात.

मला मात्र कॅनडाच्या अलूएट-१ या जुन्या उपग्रहाचं फार अप्रूप वाटतं. जमिनीवरच्या रेडिओला आयनांबराची फक्त खालची बाजू दिसायची. १९६२ साली हा उपग्रह हजार किलोमीटरवरून खाली रेडिओलहरी सोडू लागला आणि वरची बाजू उलगडली. दहा वर्षं चालला तो!