मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपची चार्जिंगची पिन हलते, मदरबोर्ड न बदलता दुरुस्ती होईल का?

कंपोजघर
माझा लॅपटॉप गेल्या चार दिवसांपासून नीट चार्ज होत नाही. पिन खोचून वरच्या बाजूला उचलून धरली तरच दिवा लागतो, हात काढला की विझतो. काल अ‍ॅडॅप्टरच्या वायरीखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून रात्रभर काम केले, पण आज सकाळपासून तोही उपाय चालेनासा झाला आहे. इथल्या दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल आणि साडेसात हजार रुपये होतील, असे सांगितले. एका दिवाळी अंकाची 160 पाने त्यात अडकली आहेत आणि छपाईला द्यायला दहा दिवस उरले आहेत. मदरबोर्ड न बदलता काही होईल का, एवढेच सांगावे. नवा लॅपटॉप घ्या, असे कृपया कोणी सुचवू नये.

त्रिज्या
लॅपटॉप कोणत्या सालचा आहे, बॅटरी बाहेरून निघते की आत बसवलेली आहे, आणि त्याच मापाचा दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून पाहिला का, हे समजल्याखेरीज कोणालाही ठामपणे काही सांगता येणार नाही. शिवाय हलते म्हणजे नेमके काय हलते? पिन सॉकेटमध्ये सैल बसते, की पिनेबरोबर अख्खे सॉकेटच आत डुगडुगते? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

गोदाकाठ
माझ्याकडे अगदी असेच झाले होते आणि दोष अ‍ॅडॅप्टरच्या वायरीत निघाला. पिनेजवळ वायर जिथे वाकते, तिथे आतल्या बारीक तारा एकेक करून तुटत जातात. मल्टिमीटर 19 व्होल्ट दाखवतो म्हणजे अ‍ॅडॅप्टर चांगला, असे समजू नका. भार नसताना शाबूत राहिलेल्या दोन-तीन तारांवरही पूर्ण व्होल्टेज दिसते, आणि लॅपटॉप वीज ओढू लागला की ते कोसळते. नवा अ‍ॅडॅप्टर घ्या, लॅपटॉप उघडू नका.

अक्षरवेल
अंकाचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर या निमित्ताने तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात, पण एकदा ते काम झाले की कोणत्याही संगणकावर फाइल उघडेल आणि ही वेळ पुन्हा येणार नाही.

कंपोजघर
अक्षरवेल, सल्ला चांगला आहे, पण मी तो विचारलेला नाही. पाने पेजमेकर 7 या पाने लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लागलेली आहेत, त्यात युनिकोड चालत नाही आणि फॉन्टचा परवाना याच यंत्राशी जोडलेला आहे. दहा दिवसांत 160 पाने नव्याने लावणे मला शक्य नाही.

लॅपटॉप 2013 मध्ये घेतला. बॅटरी मागची कळ सरकवून निघते आणि जेमतेम दहा मिनिटे टिकते. अ‍ॅडॅप्टर 19 व्होल्ट, 3.42 अँपिअरचा आहे. भाच्याचा तसाच अ‍ॅडॅप्टर पहिल्याच दिवशी लावून पाहिला होता, त्यानेही तेच होते. पिन सॉकेटमध्ये घट्ट बसते, पण सॉकेटच आत हलते. दीड महिन्यापूर्वी वायरीत पाय अडकून लॅपटॉप पिनेच्या बाजूवर पडला होता, तेव्हा मात्र काही बिघडले नव्हते.

जुना_वायरमन
पडल्याचे पहिल्याच प्रतिसादाआधी सांगितले असते, तर बरेच प्रश्न वाचले असते. दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरनेही तेच होत असेल, तर गोदाकाठ यांचे निदान इथे लागू होत नाही.

आधी एक विनंती. पुठ्ठा लावून, पिन दाबून लॅपटॉप चालवणे आत्ताच्या आत्ता थांबवा. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम जरी धरला, तरी 3.42 अँपिअरच्या पूर्ण भाराला त्या एका ठिपक्यावर जवळपास 6 वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नच्या टोकासारखाच तो ठिपका तापतो, प्लास्टिक वितळते आणि शेवटी बोर्डही करपतो. आज जे काही शे रुपयांत होईल, त्यासाठी मग खरोखरच मदरबोर्ड बदलावा लागेल.

आता बॅटरी काढा, पॉवरचे बटण वीस सेकंद दाबून धरा आणि मागचे झाकण उघडा. कोऱ्या कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आतला भाग फोडतो. की-बोर्ड काढावा लागला तर त्याची चपटी पट्टी ओढू नका, आधी तिच्यावरचा बारीक खटका नखाने उचला. मग जॅक, म्हणजे पिन खोचायचे ते सॉकेट, पाहा. तो वायरीच्या तुकड्याने बोर्डाला जोडलेला असेल, तर तुमचे नशीब चांगले, तो तुकडा बाहेर काढून नवा खोचायचा, सोल्डरिंग लागत नाही. थेट बोर्डावर सोल्डर केलेला असेल, तर फोटो टाका.

मी_मिरजकर
एवढे करण्याची गरज नाही. जॅक जागेवर बसवून सभोवती एम-सील भरा, एक दिवस सुकू द्या. माझा लॅपटॉप त्यावर दोन वर्षे चालला.

जुना_वायरमन
मिरजकर, आपला जोड शाबूत असेल आणि फक्त जॅकचा प्लास्टिकचा आधार तुटलेला असेल, म्हणून ते चालले. सोल्डर तडकलेले असताना एम-सील भरले, तर तडा आत तसाच राहतो आणि पुढे दुरुस्त करणाऱ्याला जॅकपर्यंत पोहोचताही येत नाही. कृपया हा सल्ला मागे घ्या.

मी_मिरजकर
सल्ला मागे घेतो. पण मग घरच्या 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाख द्यायला काय हरकत आहे? दोन-तीन पाय तर असतात.

त्रिज्या
उघडण्याआधी एक गोष्ट करा. अडीच इंची हार्ड डिस्क दोन-चार स्क्रू काढले की बाहेर येते. ती यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून भाच्याच्या लॅपटॉपवर अंकाच्या सगळ्या फाइली उतरवून घ्या. तिथे त्या उघडणार नाहीत, पण पाने सुरक्षित राहतील.

कंपोजघर
फाइली उतरवल्या. लॅपटॉप उघडला. जॅक थेट बोर्डावर आहे, वायर नाही. बोर्ड सोडवून उलटा केला आणि भिंगातून पाहिले, तर मधल्या पायाभोवती केसासारखी बारीक काळी रेघ गोल फिरलेली आहे. दातकोरणीने जॅक दाबला की तो पाय त्या रेघेत वर-खाली होताना स्पष्ट दिसतो. बाजूचे दोन पाय पक्के आहेत. बोर्ड कुठेही काळा पडलेला नाही.

जुना_वायरमन
हाच तो ड्राय सोल्डर, म्हणजे तडकून सुटलेला सोल्डरचा जोड. बोर्ड करपलेला नाही, त्यामुळे मदरबोर्ड बदलण्याचे काहीही कारण दिसत नाही.

मिरजकर यांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच देतो. लॅपटॉपचा बोर्ड अनेक थरांचा असतो आणि जॅकचे ऋण बाजूचे पाय आतल्या तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेले असतात. 25 वॅटची उष्णता तो पत्रा शोषून घेतो, सोल्डर अर्धवट मऊ होते, आपण कंटाळून जॅक ओढतो आणि भोकाच्या आतले तांब्याचे अस्तरच पायाबरोबर बाहेर येते. ते आले की आतल्या थरांशी असलेला संबंध तुटतो. त्यातच 2006 च्या जुलैमध्ये युरोपात शिशावर निर्बंध आल्यापासून अशा बोर्डांवर बहुधा शिसेविरहित सोल्डर असते. ते सुमारे 217 अंशांना वितळते, तर शिशाचे 63/37 सोल्डर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसे) 183 अंशांनाच. म्हणून जाणकार माणूस बोर्डाला खालून ऊब देतो, सोल्डर नीट वाहावे म्हणून फ्लक्स लावतो, जुन्या सोल्डरमध्ये आधी शिशाचे थोडे मिसळतो आणि मगच जॅक सोडवतो.

कंपोजघर, आपण कुठे असता? हॉट एअर स्टेशन, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवायचे यंत्र, असलेला टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्त करणारा गाठा. जॅक मात्र नवाच बसवा, पडल्यावर आतली पातीही सैल झालेली असू शकते.

कंपोजघर
संगमनेरला. इथे असा जॅक कोणाकडेच नाही.

गोदाकाठ
पुण्यात कोणी असेल तर तापकीर गल्लीत शोधायला सांगा. जॅकचा फोटो पायांच्या बाजूनेही काढून पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तोंडाचे माप जुळले तरी पायांमधले अंतर वेगळे असू शकते.

कंपोजघर
उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. भाच्याने पुण्याहून 180 रुपयांत जॅक पाठवला. इथे जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी वर सांगितल्याप्रमाणेच बोर्ड तापवून काम केले, मजुरी 400 रुपये घेतली. काढलेल्या जॅकमधली पाती एका बाजूला काळी पडली होती. कालपासून सलग नऊ तास काम केले, दिवा एकदाही विझला नाही, बॅटरीही चार्ज होते. पान 97 पर्यंत आलो आहे. सर्वांचा अत्यंत आभारी आहे.

जुना_वायरमन
वाचून फार बरे वाटले. जुन्या जॅकची पाती काळी होती, म्हणजे अ‍ॅडॅप्टरची पिनही काळवंडलेली असणार. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ती पुसा आणि उजेडात धरून पाहा. तिच्यावर खड्डे दिसले तर ती नव्या जॅकचीही पाती खराब करील. तसे असेल तर अ‍ॅडॅप्टर बदला, त्या बाबतीत गोदाकाठ यांचे म्हणणे बरोबर ठरेल.