पावा वाजवणारा देव : मुलांना वाचून दाखवताना सातवं प्रकरण गाळावं का?

नदीकाठ:
केनेथ ग्रॅहम यांचं 'द विंड इन द विलोज' (१९०८) लहान मुलांना वाचून दाखवताना सातवं प्रकरण सरळ गाळावं, असं माझं मत आहे. पाणमांजराचं पिल्लू पोर्टली हरवतं. मोल आणि रॅट हे नदीकाठचे दोन प्राणी-मित्र रात्रभर होडीतून त्याला शोधतात. पहाटे बंधाऱ्याजवळच्या बेटावर त्यांना शिंगं आणि खूर असलेला, पावा वाजवणारा देव दिसतो आणि त्याच्या पायाशी पिल्लू झोपलेलं असतं. ऊन पडताच देव नाहीसा होतो आणि दोघंही सगळं विसरतात. सहाव्याच्या शेवटी टोड हा त्यांचा बेडूक-मित्र तुरुंगात जातो, आठव्यात धोबिणीच्या वेशात पळतो. मुलांचा जीव त्याच्यात अडकलेला असताना मध्येच हा देव कशाला? पुढे त्याचा उल्लेखसुद्धा नाही. काही संक्षिप्त आवृत्त्यांनी हे प्रकरण काढलंय, ते योग्यच केलं.

लव्हाळी:
अजिबात पटलं नाही. अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात जवळचं वाटणारं पान हेच. भीती आणि माया एकाच क्षणी वाटू शकतात, हे मुलांना दुसरं कुठलं पुस्तक इतकं स्वच्छ सांगतं? मोल विचारतो, भीती वाटते का? रॅट म्हणतो, त्याची भीती, छे, कधीच नाही. आणि त्याच दमात कबूल करतो की वाटते.

प्रकरण फसतं ते वाचणाऱ्याच्या घाईमुळे. सुरुवातीला पिल्लाचा बाप रोज रात्री नदीच्या उथळ उतारापाशी जाऊन बसतो, कारण पोराला पोहण्याचा पहिला धडा त्यानं तिथंच दिलेला असतो. लोक हा भाग भराभर उरकतात, मग पुढची भेट पोकळ वाटते. सूर आधी फक्त रॅटला ऐकू येतो, मोलला नुसता लव्हाळ्यांतला वारा. तिथं आवाज खाली आणा. देव अगदी शेवटी दिसतो. आणि हा देव म्हणजे ग्रीक कथांमधला पॅन, पण 'पॅन' हे नाव मूळ प्रकरणात कुठंच नाही. तुम्हीही उच्चारू नका, नाव घेतलं की मूल चेहरा बघायचं सोडून 'तो कोण?' विचारत बसतं.

वेळूबन:
मराठीत सांगताना 'मुरली' म्हणू नये. आपल्या कानाला लगेच कृष्ण दिसतो आणि शिंगं-खूर विचित्र वाटायला लागतात. हे वाद्य म्हणजे कमी-जास्त लांबीच्या बोरूच्या नळ्या शेजारी शेजारी बांधलेल्या, वरच्या टोकांवरून फुंकायच्या. बांबूच्याही नकोत. ग्रीक कथेत सिरिंक्स ही वनकन्या पॅनपासून पळताना बोरू होते आणि त्याच बोरूचा तो पावा करतो. म्हणून शेवटी परतीच्या वाटेवर लव्हाळीच गाऊ लागतात, हे जुळतं.

नदीकाठ:
वाद्याचं मान्य. पण विसरण्याचं काय? इतकं मोठं दर्शन देऊन हिरावून घेणं मला क्रूर वाटतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला ते समजावता येत नाही.

लव्हाळी:
कारण लव्हाळ्यांच्या त्या गाण्यातच आहे : ते आठवत राहिलं तर पुढचं सगळं खेळणं-बागडणं त्या दडपणाखाली जाईल. मला ही दयाच वाटते. शिवाय खुरांच्या खुणा गवतात उरतातच. रॅट त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभा राहतो, आणि इथं कोणी मोठं जनावर येऊन गेलंय एवढंच त्याला सुचतं. ऐकणाऱ्या मुलाला मात्र सगळं आठवत असतं.

तुमची टोडची अडचण खरी आहे, पण त्यासाठी गाळायला नको. क्रम बदला : सहा, आठ, मग सात, नऊ, दहा. आठव्याच्या शेवटी टोड झाडाच्या ढोलीत झोपतो आणि दहाव्यात तिथंच जागा होतो. सातवं ऐन उन्हाळ्यातलं, नववं उन्हाळा सरतानाचं, त्यामुळे ऋतूही मोडत नाहीत. पाचव्यानंतर मात्र लावू नका, ते डिसेंबरातलं आहे.

नदीकाठ:
हा क्रम चालेल. तरी सहा वर्षांखालच्यांसाठी मी गाळणारच. त्या खुणा कुणाच्या, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, आणि तुम्हीच म्हणता नाव घ्यायचं नाही.